कुठलं यार्ड?

"मिस्टर पेंडल्टन, तुमची दहाच्या दहा बोटं अजून जागेवर कशी काय?"

प्रश्न ट्रूडीचा नव्हता. म्हणजे आवाज तिचा, माइकही तिच्याच हातात, पण पैज लावली होती तिच्या मैत्रिणींनी, नॅडीन आणि पेगने, टेबलाखालून चिमटे काढत. "विचारून तर दाखव! गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देताना पण मान खाली घालायचीस." गेल्या वर्षीची गोष्ट वेगळी. या वर्षी ट्रूडी व्होबोरिल शाळेच्या वादविवाद संघात होती, पश्चिम नेब्रास्कातल्या भल्याभल्यांची तिने बोलती बंद केली होती, आणि तोंड उघडलं म्हणून आभाळ कोसळत नाही असा शोध तिला नुकताच लागला होता. हा शोध एकदा लागला की माणूस तोंड मिटायचंच विसरतो.

बेलमरच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये रेल्वे कंपनीची सुरक्षा मेजवानी चालली होती. सबंध वर्षात यार्डात एकही अपघात नोंदला गेला नाही, म्हणून कंपनी आपल्या माणसांना सहकुटुंब जेवू घालत होती. मांस असं की चावता चावता जबड्याचाच अपघात नोंदवायची वेळ यावी. वर प्रत्येकाला एकेक जाकीट. काय त्या जाकिटाचा थाट! मोहरीचा रंग, छातीवर 'सुरक्षेची सुरुवात माझ्यापासून' असं भरतकाम, आणि पाठीवर गरुड. गरुड कसला, पडसं झालेली कोंबडी.

गंमत सगळी 'नोंदला गेला नाही' यात होती. अपघात झाला नाही असं कोणीच म्हणत नव्हतं. पलीकडच्या टेबलावरचे म्हातारे हॅन्क वॅगन जोडायच्या कामावर होते. ते बोटं वर करून बिअर मागवायचे आणि वाढणारी गोंधळायची, हे दोन म्हणताहेत की चार? हॉलभर अशी अर्धवट बोटं, वाकडे खांदे आणि खुर्चीवरून उठताना करकरणारे गुडघे बसले होते, आणि सगळे मिळून टाळ्या वाजवत होते.

टाळ्या पेंडल्टनला होत्या. पेंडल्टन म्हणजे कंपनीचा क्लेमवाला, भरपाईचे दावे स्वस्तात मिटवणारा. रुळांवर कुणाला लागलं की हा उगवायचा. रुग्णवाहिकेच्या आधी नाही, पण वकिलाच्या आधी नक्की. राखाडी सूट, मुलायम आवाज आणि भिजवून ठेवलेल्या कणकेसारखे मऊ हात.

"माझी बोटं?" पेंडल्टन हसला. "मी हात नेहमी खिशात ठेवतो, म्हणून!"

हॉल खदखदून हसला. सगळ्यात जोरात हसले ते बोटं नसलेले.

"दुसऱ्यांच्या," ट्रूडी माइकमध्ये म्हणाली.

हसणं असं थांबलं की जणू कुणी ब्रेक दाबला. स्वयंपाकघरातून एका बाईचा खिंकाळल्यासारखा आवाज तेवढा आला. नॅडीन आणि पेग टेबलाखाली शिरायच्याच बाकी होत्या. ट्रूडीने बापाकडे पाहिलं. लॅडी व्होबोरिल मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये घातलेला पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसला होता, नवं कोरं मोहरी जाकीट अंगात घालून. घरी शिडीवरून पडलेला माणूस. हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं की तो शिडीवरून पडला नव्हता, आणि प्रत्येकजण त्याला "लॅडी, शिडीवर जपून हं!" म्हणून पाठीवर थाप मारून जात होता.

झालं होतं ते असं. पानगळीच्या दिवसांत एका दुपारी लॅडी यार्डात मालगाडीच्या वॅगनवर चढत होता. धरायचा लोखंडी दांडा निखळून हातात आला आणि तो दांड्यासकट खाली आला. पाय रुळावर आपटला, गुडघा उलटा वळला. आता सरळ माणूस काय करेल? रुग्णवाहिका बोलावेल. पण यार्डात रुग्णवाहिका आली की अपघात नोंदला जातो, आणि अपघात नोंदला गेला की जाकिटं गेली, मेजवानी गेली, फोरमनची बढती गेली. फोरमन होता डच हाफनर, लॅडीचा शाळेपासूनचा दोस्त, नॅडीनचा बाप. डचने आणखी दोघांच्या मदतीने लॅडीला आपल्या ट्रकच्या मागच्या भागात घातलं, त्याच्या घरी आणलं, घरामागच्या गवतावर निजवलं, आणि मग तिथून रुग्णवाहिकेला फोन केला.

ट्रूडी शाळेतून आली तेव्हा बाप गवतावर कण्हत होता आणि डच घामाघूम होऊन गॅरेजमधली शिडी भिंतीला टेकवत होता. बापाच्या हातांत कामाचे मोजे होते आणि पट्ट्याला यार्डाचा रेडिओ. छपराच्या पन्हळीतला पाला काढायला माणूस रेडिओ घेऊन चढतो, हे ट्रूडीला त्या दिवशी कळलं.

आई, आर्डिथ, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिला निरोप मिळेपर्यंत वेळ गेला. म्हणून रुग्णवाहिकेत ट्रूडीच बसली, आणि डच मागून ट्रक घेऊन आला. पलीकडच्या मोठ्या गावातल्या इस्पितळात नर्सने विचारलं, "काय झालं?"

"डॅड यार्डात पडला," ट्रूडी म्हणाली.

बेलमरमध्ये यार्ड म्हणजे एकच, रुळांचं. घरामागच्या गवताच्या तुकड्यालाही खरं तर यार्डच म्हणतात, पण बेलमरमध्ये त्याला कुणी तो मान देत नाही. 'मागे जातो' म्हणतात आणि मोकळे होतात. म्हणजे घाबरलेल्या ट्रूडीच्या तोंडून सवयीने निघालं ते खरं होतं. पण नर्स होती बाहेरगावची. "पन्हळ साफ करताना?" तिने सहज विचारलं. पानगळीत अर्धं राज्य त्यासाठीच शिड्यांवरून पडतं. डचचा चेहरा असा उजळला, जणू देवदूतच भेटला. "हो हो, पन्हळच," तो म्हणाला. ट्रूडीने तोंड उघडलं, आणि बापाने तिचा हात घट्ट दाबला. तोंड मिटलं.

तेव्हा वाटलं होतं, जाऊ दे. सहा आठवड्यांत पाय बरा होईल, तोवर दोस्त सांभाळून घेतील. पण मेजवानीच्या आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की गुडघा आता वाकणार नाही. लॅडी व्होबोरिल पुन्हा वॅगनवर चढणार नाही. हे ऐकूनही माणूस जाकीट घालून मेजवानीला गेला, याला काय म्हणावं हे ट्रूडीला वादविवाद संघातही कुणी शिकवलं नव्हतं.

रविवारी दुपारी पेंडल्टन घरी आला. एका हातात डुकराच्या मांसाची भाजलेली तंगडी, दुसऱ्या हातात छोटा टेपरेकॉर्डर.

"पाय मोडलेल्याच्या घरी तंगडी," ट्रूडी म्हणाली. "मिस्टर पेंडल्टन, तुमच्या कल्पकतेला तोड नाही."

"ट्रूडी!" आई म्हणाली. पण तंगडी तिने घेतली नाही, टेबलावरच राहू दिली.

पेंडल्टन बसला. शाळेची विचारपूस केली, आईच्या कोलाच्यांचा, त्या मुरंबा भरलेल्या गोड पावांचा, वास किती छान येतोय म्हणाला, दोन खाल्ले. मग हळूच मुद्द्यावर आला. लॅडीसारख्या माणसाला कंपनी वाऱ्यावर सोडणार नाही. फाटकापाशी चौकीदाराची जागा आहे. बसून काम, शेगडीची ऊब. आणि रेल्वेवाल्यांच्या हुशार मुलांसाठी कंपनीची शिष्यवृत्ती आहेच. ट्रूडीला लिंकनच्या विद्यापीठात जायचंय ना? मग झालं तर. फक्त एक किरकोळ गोष्ट.

"लॅडी, तुझं काय म्हणणं, चूक कुणाची?"

"माझीच," लॅडी म्हणाला. विचारही न करता. "मीच बघायला हवं होतं."

बेलमरच्या रेल्वेवाल्यांचा हा मंत्रच. अंगावर इंजिन पडलं तरी शेवटचा श्वास घेताना म्हणतील, मीच बघायला हवं होतं. कुणी दुसऱ्याला दोष दिला की तो कच्चा गडी. ट्रूडीला लहानपणी याचा अभिमान वाटायचा. आता पेंडल्टनच्या डोळ्यांत ते वाक्य ऐकून जी चमक आली ती तिने पाहिली, आणि तिला बापाची इतकी लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा इतका राग आला, की तिने तिसरा कोलाच पेंडल्टनच्या हातासमोरून उचलून स्वतः खाल्ला.

"आता राहिली ही यंग लेडी," पेंडल्टन म्हणाला. "त्या दिवशी नर्सला तू जे सांगितलंस तेवढंच या यंत्रात पुन्हा सांगायचं. तीन शब्द. डॅड यार्डात पडला."

"बस?"

"बस. एक शब्दही जास्त नको. मी तुला खोटं बोलायला सांगतोय का?"

"नाही," ट्रूडी म्हणाली. "कुठल्या यार्डात, ते विचारणार का तुम्ही?"

"त्याची काही गरज नाही."

"मला वाटलंच."

बाप टेबलाकडे बघत होता. आई बापाकडे. पेंडल्टनने टेपचं बटण दाबलं. ट्रूडीने गळ्यावर हात ठेवला आणि बेडकासारख्या आवाजात म्हणाली, "माझा घसा बसलाय."

"अगं, आत्ता तर चांगली बोलत होतीस!"

"बसला. एकदम. तंगडीच्या वासाने."

पेंडल्टन हसला, पण दात न दाखवता. "गुरुवारी येतो," म्हणाला. तोवर घसा बरा होईल, आणि शिष्यवृत्तीवाल्यांशीही बोलणं होईल.

बेलमरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात एक कॅलेंडर असतं. युनियनचे वकील नाताळात वाटतात. वर वाफेच्या इंजिनाचं चित्र, खाली फोन नंबर. लोक त्यावर दातांच्या डॉक्टरची वेळ लिहितात, वाढदिवसांना गोल करतात, पण नंबर फिरवत नाहीत. 'त्याने वकील केला' हे बेलमरमध्ये अशा सुरात म्हणतात, जसं दुसऱ्या गावी 'तो बायको सोडून पळाला' म्हणतील. सोमवारी शाळा सुटल्यावर ट्रूडीने तो नंबर फिरवला. ओमाहाहून मिसेस क्विन्लन नावाच्या वकीलबाई बोलल्या. आवाज सिगारेट ओढणाऱ्या बाईचा, आणि धीर फारच थोडा.

"शिडी?" त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी मला एकाने सांगितलं, बाथटबमध्ये पडलो. कामाच्या बुटांसकट. तू पुढे बोल."

ट्रूडीने सगळं सांगितलं.

"आता ऐक, पोरी. कारखान्यातल्या माणसाला लागलं तर ठरलेली भरपाई मिळते, चूक कुणाची ते कुणी विचारत नाही. रेल्वेवाल्यांचा कायदा वेगळा, जुना. त्यांना कंपनीची चूक दाखवावी लागते. थोडीशी दाखवली तरी चालते. दाखवली की बुडालेला पगार, दुखणं, पुढचं आयुष्य, सगळ्याचा हिशेब ज्युरी करते. पण माणूस म्हणाला की माझीही चूक होती, तर त्याच्या वाट्याचं कापून घेतात."

"म्हणजे 'मीच बघायला हवं होतं' म्हटलं की..."

"की पेंडल्टनला ताटात वाढून दिलं. तो टेप घेऊन उगाच फिरतो का? पण वॅगनचा दांडा निखळला म्हणालीस ना? मग तर तुझ्या डॅडची चूक मोजायचीच नाही. दांडे धड ठेवणं हे कंपनीचं काम, तिथे कायदा सबब ऐकत नाही."

"आणि कंपनीवाले म्हणाले की शिडीचं डॅडच्या संमतीनेच ठरलं होतं, तर?"

"कायद्यातून सुटायला कंपनीने काहीही ठरवून घेतलं तरी ते कचऱ्यात. तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो. पण तुझ्या डॅडला स्वतः उभं राहून सांगावं लागेल, आधी खोटं बोललो हेसुद्धा. समोरचा वकील त्याला उभा सोलेल. तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवं. यार्डातले बोलतील?"

ट्रूडीच्या डोळ्यांपुढे ती मोहरी जाकिटं आली. "नाही."

"मग राहिलीस तू," मिसेस क्विन्लन म्हणाल्या. "आणि गुरुवारी ते तीन शब्द टेपवर गेले, तर ते यार्ड घरामागचंच ठरेल, आणि तूही राहिली नाहीस."

मंगळवारी शाळेच्या जेवणघरात नॅडीन समोर येऊन बसली. ट्रे आपटलाच.

"तू ओमाहाला फोन केलास?"

"कुणी सांगितलं?"

"बेलमर आहे हे. आईने तुझ्या आईला विचारलं, तुझ्या आईला खोटं बोलता येत नाही. माझ्या डॅडचं काय होईल माहितीये?"

"त्याने शिडी लावली, नॅडीन. माझा डॅड ओरडत होता आणि तुझा डॅड शिडी सरळ लागली का ते बघत होता."

"तुझ्या डॅडनेच सांगितलं होतं लावायला! सगळ्यांसाठी केलं त्याने. आता सगळ्यांची जाकिटं परत घेतील."

"घेऊ दे. त्या गरुडाची तरी सुटका होईल."

पेग हसली. नॅडीन हसली नाही.

"तुला सगळं विनोदीच वाटतं," ती म्हणाली. "माइकवर बोलायला मी शिकवलं तुला. मी पैज लावली म्हणून बोललीस. नाहीतर तू कोण होतीस?" तिने ट्रे बाजूला सारला. "डॅड बसून राहतो नुसता. जेवतही नाही. तू त्याचं नाव घेतलंस ना, तर पुन्हा माझ्याशी बोलू नकोस."

ट्रे उचलून ती दुसऱ्या टेबलाकडे गेली. ट्रूडीजवळ उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. ते तिने पहिल्यांदाच गिळलं. नॅडीनचं म्हणणं अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्याची चीड पूर्ण खोट्यापेक्षा जास्त येते.

कंपनीची चीड येणं सोपं होतं. पेंडल्टनची तर आणखी सोपी, तो त्यासाठीच जन्मला होता. पण पेंडल्टनने शिडीला हातही लावला नव्हता. त्याने फक्त जाकिटं वाटली होती. एका भिकार जाकिटासाठी चांगली माणसं दोस्ताला पोत्यासारखं उचलून एका यार्डातून दुसऱ्या यार्डात टाकतात, आणि तो दोस्तही वर म्हणतो, टाका! कंपनीला आणखी काय हवं?

बुधवारी संध्याकाळी बाप स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला होता, न वाकणारा पाय बाजूला काढून. आई बटाटे सोलत होती. तंगडी अजून टेबलावरच होती. कुणी कापली नव्हती, कुणी टाकली नव्हती.

"उद्या पेंडल्टन येईल," बाप म्हणाला. "घसा कसा आहे?"

"डॅड, चौकीदाराच्या खोपटात बसून काय करणार तू?"

"गाड्यांना हात दाखवणार. रेल्वेतच असेन ना मी. तेविसाव्या वर्षापासून दुसरं काय केलंय?" त्याने टेबलावरचं बटाट्याचं एक साल उचलून टाकलं. "तीन शब्द आहेत, ट्रूड. आणि खरे आहेत. मी यार्डातच पडलो."

"मग चौथा पण सांगू दे."

"डचची नोकरी जाईल, मग घर जाईल."

"आणि आपलं?" आई म्हणाली. सुरी बटाट्यातच थांबली होती. इतक्या दिवसांत ती या विषयावर पहिल्यांदाच बोलली. "चौकीदाराची जागा कंपनी तीन वर्षं ठेवते, लॅडी, एक दिवस जास्त नाही. दावा लावायची मुदत संपली की जागाही संपते. मर्लिन कोटासचं काय झालं, आठवतंय ना?"

"मर्लिन दारू प्यायचा."

"जागा गेल्यावर प्यायला लागला."

बापाने कॅलेंडरकडे पाठ केली. मग ट्रूडीकडे वळला, आवाज चढवून. "तू मला न विचारता ओमाहाला फोन केलास. माझा पाय, माझी नोकरी, माझे दोस्त. मला विचारायचं होतंस."

"तू कुठे मला विचारलंस?" ट्रूडी म्हणाली. "इस्पितळात माझा हात दाबलास, तेव्हा विचारलंस? ते खोटं माझ्या तोंडाने गेलंय, डॅड. तुम्ही सगळे नुसते शिडीच्या आजूबाजूला उभे होतात, बोलले मी."

बापाने दोन्ही हातांनी पाय उचलून थोडा सरकवला, जसं दुसऱ्याचं सामान सरकवावं. ट्रूडीला त्याची इतकी माया आली की दुसरी कुठली मुलगी असती तर तिथेच विरघळली असती. ती उभी राहिली. उभं राहून बोललं की आवाज पोटातून येतो, हे संघात शिकवलं होतं.

"ऐका दोघंही. उद्या पेंडल्टन आला की मी दार उघडणार आणि त्याला सांगणार, मी टेपवर बोलणार नाही. शिष्यवृत्ती त्याने त्याच्या एखाद्या पुतण्याला द्यावी. लिंकनला मी नंतर जाईन, नाहीतर नोकरी करून जाईन. शुक्रवारी सकाळच्या बसने मी ओमाहाला निघालेय. मिसेस क्विन्लनना मी हो म्हणून कळवलंय. मी काय पाहिलं आणि शिडी कुणी लावली, हे शपथेवर सांगणार. डचचं नाव घेऊन. दावा लावायचा की नाही ते तू ठरव, डॅड, पाय तुझा आहे. पण तोंड माझं आहे, आणि माझं ठरलंय."